नगरसभेचे धुरीण सर फेरोजशहा मेहता

थोर पुरुषांचीं चरित्रें सांगावयाचीं म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा रणांगण, राजसभा किंवा तपोवन उभें राहतें. ज्याच्या आयुष्याचा मोठा भाग घरपट्टी, गटारें, पाण्याचे नळ आणि अंदाजपत्रकांतील आंकडे ह्यांच्या चर्चेंत गेला, अशा पुरुषाचें चरित्र विद्यार्थ्यांस रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि मुंबईस बोरीबंदरासमोर महानगरपालिकेची जी भव्य इमारत आहे, तिच्या पुढ्यांत एका धिप्पाड पारशी गृहस्थाचा पुतळा उभा आहे. आणि त्या गृहस्थानें जो प्रश्न जन्मभर लढविला तो लढाईंतल्या प्रश्नांहून लहान नव्हता. शहरांत राहणाऱ्या व कर भरणाऱ्या लोकांच्या पैशाचा विनियोग कोणीं ठरवावा, ठरल्याप्रमाणें तो कोणीं करावा, आणि करणारा चुकला तर त्याला जाब कोणीं विचारावा, हा तो प्रश्न होय. आज तो सोपा वाटतो. पण दीडशें वर्षांपूर्वी त्याचें उत्तर मुंबईंत कोणासच नीटसें ठाऊक नव्हतें.

फेरोजशहा मेरवानजी मेहता ह्यांचा जन्म मुंबईस ४ ऑगस्ट १८४५ रोजीं झाला. वडील व्यापारी असून विद्येचे चाहते होते. एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८६४ सालीं फेरोजशहा पदवीधर झाले, आणि प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट ह्यांची त्यांच्यावर मर्जी बसली. त्या सुमारास रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय ह्या दानशूर शेटजींनीं हिंदी तरुणांनीं विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावें म्हणून शिष्यवृत्त्या ठेविल्या होत्या. त्यांपैकीं एक ह्यांस मिळून ते लंडनास गेले व लिंकन्स इनमध्यें कायद्याचा अभ्यास करूं लागले. पण शिकत असतांच तिकडे मुंबईंत शेटजींचें दिवाळें वाजलें आणि शिष्यवृत्ति बंद पडली. तरी अभ्यास न सोडतां ते १८६८ सालीं बॅरिस्टर होऊन परत आले. लंडनांत दादाभाई नवरोजींच्या घरीं जमणाऱ्या हिंदी तरुणांत त्यांचा वावर होता, आणि सार्वजनिक प्रश्नांची गोडी त्यांस तेथेंच लागली असें मानावयास हरकत नाहीं.

शेटजींचें दिवाळें ही एकट्यादुकट्याची आपत्ति नव्हती. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथला कापूस विलायतेस जाणें बंद पडल्यामुळें हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर लोकांनीं घरेंदारें गहाण ठेवून पैसा लाविला. युद्ध संपलें तसा कापसाचा भाव कोसळला, आणि एका उन्हाळ्यांत लक्षाधीशांचे भिक्षाधीश झाले. शहराची वस्ती मात्र ह्या तेजीच्या दिवसांत बेसुमार वाढली होती. १८६४ च्या मोजणींत ती ८,१६,५६२ भरली. १८७२ च्या खानेसुमारींत ६,४४,४०५ वर आली. ह्या दोन आंकड्यांमधल्या आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसें शहरांतून कमी झालीं. त्यांनीं मागें ठेविलेली घाण, दाटी आणि तुंबलेलीं गटारें मात्र शहरांतच राहिलीं.

अशा वेळीं, १८६५ च्या कायद्यानें, मुंबईच्या नगरकारभाराची नवी घडी बसली होती. सरकारनें नेमलेल्या जस्टिस लोकांची एक सभा असे. पैसा मंजूर करणें तिच्या हातीं, आणि सारा कारभार एका कमिशनराच्या हातीं. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे विलक्षण धडाडीचे गृहस्थ होते. त्यांनीं रस्ते रुंद केले, गटारें साफ करविलीं, कसाईखाने शहरांतून उचलून वांद्र्यास नेले, आणि १८६९ सालीं ती प्रसिद्ध मंडई उभी केली. तिला आज महात्मा जोतिबा फुले ह्यांचें नांव असलें तरी लोक अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. परंतु ह्या कामांस जो पैसा लागला त्याचा हिशेब कमिशनरसाहेबांनीं फारसा पाहिला नाहीं. शहर कर्जांत बुडालें, कर वाढले. आणि तेही अशा दिवसांत कीं करदात्यांच्या तिजोऱ्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या.

असंतोषाचा वणवा पेटण्यास एवढें पुरे होतें. १८७१ च्या जूनमध्यें फोर्ब्स नांवाच्या एका जस्टिसांनीं सभेपुढें प्रस्ताव आणिला कीं, कमिशनराची ही एकतंत्री सत्ता मोडावी आणि कारभार एका नगरमंडळाच्या हातीं द्यावा. नवरोजी फर्दुनजी, रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक ह्यांच्यासारखीं वजनदार माणसें सुधारणेच्या बाजूस होतीं. घरोघर क्रॉफर्डच्या नांवानें शिमगा चालला होता. अशा वेळीं सव्वीस वर्षांचा एक नवखा बॅरिस्टर उभा राहून क्रॉफर्डची तरफदारी करूं लागला, तेव्हां लोकांस काय वाटलें असेल ह्याची कल्पना करावी. ह्याच्यावर कमिशनराचा हात फिरला आहे, असेंही कोणी म्हटल्यावांचून राहिला नसेल.

पण मेहतांचें म्हणणें नीट पाहिलें पाहिजे. पैसा उधळला गेला हें ते नाकारीत नव्हते. ते विचारीत होते कीं, तो उधळला जात असतां मंजुरी देणारे जस्टिस काय करीत होते? त्यांस लोकांनीं निवडलें नव्हतें, सरकारनें नेमलें होतें. त्यांस जागेवरून कोणी काढूं शकत नव्हता. मग त्यांनीं दक्ष कां राहावें? तेव्हां रोगाचें मूळ कमिशनराच्या हातीं असलेल्या सत्तेंत नाहीं, त्या सत्तेवर नजर ठेवणारे कोणासच जबाबदार नाहींत ह्यांत आहे. कारभार एका मंडळाच्या हातीं दिल्यानें हें मूळ नाहींसें व्हावयाचें नाहीं. जें काम सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, असा अनुभव आहे. रस्ता खचला तर पंधरा सभासद एकमेकांकडे बोट दाखवितील आणि खड्डा तसाच राहील. म्हणून काम करणारा एकच असावा व त्याला पुरी मुभा असावी. पण काय करावयाचें तें ठरविणारी सभा करदात्यांनीं निवडलेली असावी, आणि कमिशनरानें तिला हिशेब द्यावा.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या दिवाणखान्यांत मेहतांनीं ह्या विषयावर निबंध वाचला व ही योजना विस्तारानें मांडली. सभा त्यांस मुळींच अनुकूल नव्हती. लोकांस एक माणूस शिक्षेस पात्र ठरवावयाचा होता, आणि हा गृहस्थ त्यांस निवडणुकीचें तत्त्व समजावीत होता! लोकांचे हक्क मागणाऱ्यास लोकांकडूनच रोष पत्करावा लागावा, हा प्रकार सार्वजनिक आयुष्यांत अपूर्व नाहीं. पुढें जो मान मेहतांस मिळाला तो डोळ्यांपुढें असल्यामुळें आपल्याला ह्या दिवसाचें महत्त्व कळत नाहीं. पण माझ्या मतें त्यांच्या सर्व आयुष्यांत ह्या निबंधाएवढें धैर्याचें कृत्य दुसरें नाहीं. त्या वेळीं त्यांच्या पाठीशीं ना पक्ष होता ना कीर्ति.

क्रॉफर्डसाहेब गेले. आणि १८७२ सालीं जो तिसरा कायदा झाला त्यांत मेहतांच्या योजनेची छाया स्पष्ट दिसत होती. चौसष्ट सभासदांचें कॉर्पोरेशन झालें. त्यांत बत्तीस करदात्यांनीं निवडावयाचे, सोळा जस्टिसांनीं, आणि सोळा सरकारनें नेमावयाचे. कारभार कमिशनराकडेच राहिला, पण हिशेब तपासण्यास बारा जणांचें नगरमंडळ त्याच्याजवळ बसविलें. मताचा अधिकार मात्र वर्षास निदान पन्नास रुपये कर भरणाऱ्यासच होता. त्या काळीं पन्नास रुपये ही लहान रक्कम नव्हे. ज्यांच्या चाळींत पाणी येत नव्हतें आणि ज्यांच्या दारावरून उघडें गटार वाहत होतें, त्या गिरणीकामगारांस व हमालांस ह्या नव्या सभेंत आवाज नव्हता. सत्तेचें दार उघडलें हें खरें, पण तें किलकिलेंच उघडलें होतें. मेहतांच्या पिढीस ह्याची टोंचणी फारशी लागलेली दिसत नाहीं, हें त्यांच्या चरित्रकारानें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे.

१८७३ सालीं पहिल्या निवडणुका झाल्या व मेहता कॉर्पोरेशनांत आले. तेव्हांपासून सुमारें चाळीस वर्षें त्यांचा ह्या सभेशीं संबंध होता. वकिलीचा व्याप मोठा होता. काठेवाडच्या संस्थानांतून व गुजराथेंतून त्यांस मोठमोठीं कामें येत. पण सभेचा दिवस आला कीं कागदांचा गठ्ठा वाचून, आंकडे मनांत पक्के करून ते जागेवर हजर असत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत आपण सूचना, उपसूचना, हरकतीचा मुद्दा, मतमोजणी हे शब्द परीक्षेपुरते पाठ करतों आणि विसरतों. ह्याच नियमांच्या जोरावर एक सामान्य सभासद मोठ्या अधिकाऱ्यास उत्तर द्यावयास कसें लावूं शकतो, हें मेहतांनीं मुंबईस दाखविलें. विलायती पार्लमेंटची रीत त्यांस चांगली अवगत होती. त्यांचा आवाज भरदार होता, शब्द धारदार होते, विनोद बोंचरा होता. आणि ऐटबाज पोशाख व भरघोस मिशा ह्यांनीं जो दरारा बसे तो वेगळाच.

सभेपुढें येणारे प्रश्न कसले असत? पाणी हा पहिला. १८६० पासून विहार तलावाचें पाणी शहरास येत असे, तें पुरेना म्हणून १८७९ सालीं तुळशीचें आणिलें. तेंही पुरेना, तेव्हां शहापुराच्या बाजूस तानसा नदीवर धरण बांधून १८९२ सालीं तें पाणी मुंबईस पोहोंचविलें. ह्या एकेका कामास कर्ज काढावें लागे, कर्जासाठीं सरकारची परवानगी लागे, आणि प्रत्येक पायरीवर आज भरावयाचा कर व उद्यां मिळणारें पाणी ह्यांची तुलना करावी लागे. स्वस्तांत काम आटपूं पाहणारे सभासद एका बाजूस आणि पुढल्या पिढीचा विचार करणारे दुसऱ्या बाजूस, असे वाद तासन् तास चालत. मेहता कंजूषपणाचे वकील कधींच नव्हते. पैसा खर्च करावा, पण तो सभेच्या मतानें व्हावा आणि सभेस कळून व्हावा, एवढेंच त्यांचें मागणें असे.

१८८२ सालीं लॉर्ड रिपन ह्यांनीं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. १८८४ व १८८५ ह्या दोन वर्षीं कॉर्पोरेशननें मेहतांस आपले अध्यक्ष निवडिलें. आणि ह्याच काळांत, १८८४ च्या डिसेंबरांत, स्वदेशीं परत निघालेल्या रिपनसाहेबांच्या हस्तें बोरीबंदरासमोर कॉर्पोरेशनच्या नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यांत आली. आराखडा स्टीव्हन्सचा; समोरचें रेल्वेचें स्थानकही त्याचेंच. इमारत १८९३ सालीं पुरी झाली.

इमारतीहून महत्त्वाचें काम दरम्यानच्या काळांत झालें होतें. मुंबईच्या नगरकारभाराचा कायदा नव्यानें करावयाचें ठरून १८८७ सालीं बिल पुढें आलें. मूळ मसुद्याची ओढ कमिशनराचें महत्त्व वाढविण्याकडे व कॉर्पोरेशनचे अधिकार आंखडते घेण्याकडे होती. सुदैवानें गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांनीं त्याच वर्षीं मेहतांस कायदेकौन्सिलांत घेतलें, आणि तेथें आधींपासून काशिनाथ त्रिंबक तेलंग होतेच. एक पारशी व एक सारस्वत. एकाची वाणी घणासारखी, दुसऱ्याची धुतलेल्या तांदळासारखी स्वच्छ. दोघांनीं मिळून बिलाचें कलम न् कलम तपासलें. जो मसुदा सभेस कमिशनराच्या पायरीवर बसवूं पाहत होता, त्यांतून सभेचें वर्चस्व कायम करणारा कायदा बाहेर पडला. तोही त्या वर्षाचा तिसराच. १८८८ चा तिसरा कायदा म्हणून तो ओळखला जातो, आणि पुष्कळ दुरुस्त्या होऊनही मुंबई महानगरपालिकेचा कारभार अद्यापि त्याच कायद्याखालीं चालतो.

ह्या कायद्यांतील दोनतीन गोष्टी विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. कॉर्पोरेशन, स्थायी समिति व कमिशनर ह्या तिघांस त्यानें नगराचे अधिकारी म्हणून मान्यता दिली. पण ज्या बाबीसंबंधीं कायद्यांत निराळें सांगितलेलें नाहीं तिचा अधिकार कॉर्पोरेशनकडे राहील, असें स्पष्ट लिहून ठेविलें. सभासद बहात्तर झाले. त्यांत छत्तीस निरनिराळ्या वॉर्डांतील करदात्यांचे, सोळा जस्टिसांचे, दोन विद्यापीठाचे, दोन व्यापारी मंडळाचे आणि सोळा सरकारनियुक्त. स्थायी समितीच्या बारा जणांपैकीं आठ कॉर्पोरेशननें निवडावयाचे, चार सरकारनें. कमिशनराची नेमणूक सरकारच्याच हातीं राहिली, परंतु पंचेचाळीस सभासदांनीं त्याच्याविरुद्ध मत दिल्यास सरकारनें त्याला परत बोलाविलें पाहिजे असें ठरलें. १८७१ सालीं ज्यास लोक कमिशनरांचा कैवारी म्हणत होते, त्यानेंच कमिशनरास जाब विचारण्याचें हें हत्यार सभेच्या हातीं देण्यास हातभार लाविला. करणारा एक, ठरविणारे अनेक, आणि अनेकांचा वचक एकावर, ही सतरा वर्षांपूर्वीची कल्पना आतां कायद्याच्या भाषेंत उतरली. योगायोगाची गोष्ट अशी कीं, ह्याच १८८८ सालीं क्रॉफर्डसाहेबांचें नांव पुन्हां गाजलें. आतां ते पुण्याकडे मध्य भागाचे कमिशनर होते, आणि मामलेदारांकडून पैसे खाल्ल्याच्या आरोपावरून त्यांची चौकशी चालली होती!

कायदा चांगला झाला म्हणजे सत्ता सुरक्षित झाली असें नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत एक विलक्षण ताप सुरू झाला. तो गांठीचा प्लेग आहे हें प्रथम ओळखून डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनीं स्थायी समितीस सावध केलें. हे गृहस्थ जातीचे गोंवेकर व धर्मानें ख्रिस्ती. कॉर्पोरेशनचे सभासद होते, आणि पुढें १९०६ सालीं अध्यक्षही झाले. शहरांत हाहाकार उडाला, लोक गांवीं पळूं लागले. १८९७ च्या मार्चांत सरकारनें जनरल गॅटेकर ह्यांच्या हाताखालीं निराळी प्लेग कमिटी नेमून शहराचा रोगनिवारणाचा कारभार तिच्याकडे सोंपविला. कॉर्पोरेशन बाजूस राहिलें. पाठोपाठ १८९८ च्या कायद्यानें शहरसुधारणेचा स्वतंत्र ट्रस्ट निघाला. कोंदट वस्त्या पाडणें, नवे रस्ते काढणें, मोकळ्या जमिनीवर घरें बांधणें हें त्याचें काम होतें. कामाच्या चांगुलपणाविषयीं वाद नव्हता. पण विश्वस्त मंडळांत कॉर्पोरेशनचे प्रतिनिधि थोडे, आणि खर्चाचा वांटा मात्र शहरानें द्यावयाचा, ही व्यवस्था मेहतांस मान्य होण्यासारखी नव्हती. पैसा जर नगराचा तर निर्णय नगरसभेनें कां करूं नये, असा त्यांचा आक्षेप होता. तो कोणीं ऐकला नाहीं. संकटाच्या वेळीं घाई असते, आणि घाईच्या वेळीं सभा ही अडचण वाटते.

दुसरा जुना झगडा पोलिसखर्चाचा. शहराच्या पोलिसांवर कॉर्पोरेशनची यत्किंचित् सत्ता नव्हती, तरी त्यांच्या खर्चाचा मोठा हिस्सा कॉर्पोरेशननें भरावा असा नियम होता. मेहतांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्षानुवर्षें हें गाऱ्हाणें लावून धरलें. अखेर १९०७ च्या कायद्यानें पोलिसांचा बोजा सरकारनें उचलला, व त्याच्या बदल्यांत प्राथमिक शिक्षण आणि औषधोपचार हीं कामें कॉर्पोरेशनच्या गळ्यांत घातलीं. आम्हां शिक्षकांस ह्या अदलाबदलीचें महत्त्व सांगावयास नको. मुंबईच्या हजारों गरीब मुलांच्या शाळा ज्या नगरसभेच्या झाल्या, त्यांचें मूळ ह्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या हिशेबाच्या भांडणांत आहे.

मध्यंतरीं मेहतांची कीर्ति देशभर पसरली होती. १८९० सालीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष झाले. वरिष्ठ कायदेकौन्सिलांत बसले. १९०४ सालीं त्यांस सर हा किताब मिळाला. आणि १९०५ सालीं ते पुन्हां कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होऊन, त्या वर्षीं आलेल्या युवराजांस शहरातर्फे मानपत्र देण्याचा मान त्यांस मिळाला. मुंबईचा अनभिषिक्त राजा असें लोक त्यांस म्हणूं लागले.

राजा म्हटला कीं राजाविरुद्ध कट आलाच. १९०७ च्या आरंभीं जस्टिसांनीं निवडावयाच्या सोळा जागांची निवडणूक होती व मेहता तीस उभे होते. सरकारचे अकौंटंट-जनरल, शहराचे कलेक्टर, पोलिस कमिशनर आणि टाइम्स ऑफ इंडिया पत्राचे संपादक अशा बड्या युरोपियन गृहस्थांनीं एकत्र येऊन सोळा नांवांची यादी तयार केली, आणि यादीबाहेर एकही मत जाऊं नये अशी खटपट चालविली. यादींत मेहतांचें नांव अर्थातच नव्हतें. मतें मोजलीं तेव्हां सोळा जण निवडून आले आणि सर फेरोजशहा सतरावे ठरले! ज्यानें ह्या सभेची घटना घडविली, त्याचाच तिच्या दारांत असा अडसर घातला गेला.

शहरांत खळबळ उडाली. जाहीर सभा भरून निषेध झाला. सरकारी अधिकाऱ्यांनीं आपल्या हुद्द्याचें वजन निवडणुकींत वापरावें काय, हा प्रश्न आतां एका माणसाचा राहिला नव्हता. आणि मग कायद्यानेंच आपल्या कर्त्याची बाजू घेतली. निवडून आलेल्या सोळांपैकीं एका गृहस्थाविरुद्ध तक्रार गेली, तो त्या जागेस अपात्र ठरला, आणि त्याच्या खालोखाल मतें मिळविलेले मेहता सभासद झाले. ज्यांनीं त्यांस घालविण्याचा डाव मांडला त्यांनींच त्यांचें तेज वाढविलें. कटवाल्यांची यादी मात्र मुंबईच्या लोकांस बराच काळ थट्टेचा विषय पुरवीत राहिली.

तथापि कटवाल्यांच्या मनांत जी तक्रार होती ती सर्वस्वी निराधार होती असें म्हणवत नाहीं. मेहतांच्या उत्तरकाळांत कॉर्पोरेशनमध्यें बरेच सभासद स्वतःच्या बुद्धीऐवजीं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मत देत. त्यांस विरोध खपत नसे. तरुण सभासदास ते एका वाक्यांत गप्प बसवीत. जबाबदार सभेचा पुरस्कर्ता अखेरीस सभेचा धनी होऊन बसला होता. राष्ट्रीय सभेंतही त्यांचा असाच दरारा असून, १९०७ च्या डिसेंबरांत सुरतेस जी फूट पडली तींत एका पक्षाचे ते आधारस्तंभ होते. टिळकांच्या अनुयायांनीं त्यांच्यावर जें कोरडे ओढले त्यांतले कित्येक निष्कारण नव्हते. मात्र एक भेद विसरतां येत नाहीं. मेहतांचें वर्चस्व युक्तिवादानें मिळविलेलें होतें, हुकमानें नव्हे. ज्यास तें मोडावयाचें होतें त्यास सभेंत उभें राहून त्यांच्याहून चांगलें बोलण्याची वाट सदैव मोकळी होती. युरोपियन मंडळींनीं ती वाट सोडून यादीची आडवाट धरली, तेथेंच त्यांची बाजू लंगडी पडली.

अखेरच्या वर्षांतही ते स्वस्थ बसले नाहींत. १९११ सालीं निघालेल्या सेंट्रल बँकेचे ते पहिले अध्यक्ष झाले, आणि हिंदी मताचें एक इंग्रजी दैनिक मुंबईस असावें म्हणून १९१३ सालीं त्यांनीं बॉम्बे क्रॉनिकल सुरू केलें. १९१५ च्या फेब्रुवारींत गोपाळ कृष्ण गोखले वारले. त्याच वर्षीं ५ नोव्हेंबर रोजीं सत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यापलीकडे नुकतेंच पाऊल टाकलेले फेरोजशहाही गेले. १९२३ सालीं त्यांचा पुतळा त्यांच्या कॉर्पोरेशनच्या दारापुढें बसविला गेला. शहरसुधारणेचा जो ट्रस्ट नगरसभेस डावलून निघाला होता, त्याचें सर्व काम १९३३ सालीं कायद्यानेंच कॉर्पोरेशनकडे आलें. ट्रस्टचे कागद त्या दारांतून आंत गेले तेव्हां मेहतांस जाऊन अठरा वर्षें झालीं होतीं.